फायटर मासा सतत खायला मागतो, मग नक्की द्यायचं किती?

"काका नमस्कार. दोन महिन्यांपूर्वी मी एक निळा फायटर आणला, नाव मोरू. १५ लिटरचा टँक आहे, त्यात तो एकटाच राहतो. प्रश्न खाण्याचा आहे. डबीवर लिहिलंय की दिवसातून २-३ वेळा, दोन मिनिटांत संपेल एवढं द्या. मी सकाळी एक चिमूट टाकते. बाबा संध्याकाळी आले की तेही टाकतात, कारण ते समोर गेले की मोरू काचेपाशी येऊन नाचायला लागतो आणि बाबांना वाटतं पोरगं उपाशी आहे. रात्री धाकटा भाऊ सुके ब्लडवर्म (त्या लाल अळ्या) देतो. परवापासून मोरूचं पोट गोटीसारखं फुगलंय, दोन दिवसांत शी केलेली दिसली नाही, तळाशी पडून असतो, पाणीही गढूळ वाटतंय. नेटवर कोणी म्हणतं दोनच दाणे द्या, कोणी म्हणतं दहा, कोणी म्हणतं वाटाणा खिलवा. खरं किती आणि किती वेळा द्यायचं? पुढच्या आठवड्यात आम्ही सगळेच चार दिवस बाहेरगावी चाललोय, तेव्हा काय करू? – गोंधळलेली"

अगं गोंधळलेली, आधी हातातली ती डबी खाली ठेव. आज आणि उद्या मोरूला काहीच द्यायचं नाही, परवा पोट तसंच दिसलं तर परवाही नाही. घरात सगळ्यांना आत्ताच सांग, भावाला दोनदा सांग.

आता टँकवर वाकून मोरूला वरून बघ. खवले अंगाला चिकटून बसलेत की बाहेरच्या बाजूला उभे राहिलेत? सगळ्या अंगावरचे खवले पिसारल्यासारखे उभे असतील तर तो अतिखाण्याचा साधा त्रास नाही, त्याला ड्रॉप्सी म्हणतात, शरीरात पाणी साठतं, आतले अवयव बिघडलेले असतात आणि ते गंभीर आहे, मग थांबू नकोस, माशांचं कळणाऱ्या डॉक्टरला गाठ. पण तू लिहिलंयस त्यावरून, म्हणजे तिघांनी तीन वेळा खिलवलंय, पोट फुगलंय, शी बंद आहे, यावरून मला तरी हे सरळसरळ पोट गच्च झाल्याचं दिसतंय. पोट फुगलं की शेजारच्या हवेच्या पिशवीवर दाब येतो, त्याच पिशवीवर मासा पाण्यात तोल सांभाळतो, म्हणून मग कधी तळाशी पडून राहतो तर कधी आडवा होऊन वर तरंगतो. बघवत नाही ते. पण वेळेत हात आवरला तर बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत उतरतं.

तोवर पाण्याकडे बघ. तळाशी फुगून पडलेले दाणे असणारच, ते बारीक नळीने ओढून काढ आणि त्याच नादात पाव भाग पाणी बदल. नवीन पाणी क्लोरीन काढलेलं आणि जुन्याइतकंच कोमट हवं, थंडगार पाणी भसकन ओतू नकोस. उद्या पुन्हा थोडं बदल. औषधं, मीठ, बाटल्यांमधले रंगीत थेंब यातलं काहीही पहिल्याच दिवशी टाकू नकोस.

आता तुझा मुख्य प्रश्न, आणि त्याच्या आधी बाबांचा प्रश्न, कारण खरी गोम तिथेच आहे. मोरू नाचतो म्हणजे तो उपाशी आहे का? नाही. हा मासा मूळचा थायलंडकडच्या भातखाचरांमधला, उथळ, झाडोऱ्याने भरलेल्या संथ पाण्यातला. तिथे काय मिळतं तर पाण्यावर पडलेला किडा, डासाची अळी, असलं काहीतरी, आणि तेही मिळेल तेव्हा. त्यामुळे समोर आलेलं सोडायचं नाही एवढंच त्याला ठाऊक. "बस, पोट भरलं" म्हणून तो पाठ फिरवेल याची वाट बघत बसशील तर डबी संपेल. त्यात हा भलता हुशार मासा, माणूस समोर आला की वरून खाऊ पडतो हे त्याला आठवडाभरात कळतं आणि मग तो काचेपाशी येऊन सगळं अंग हलवून असा काही नाचतो की बघणाऱ्याला वाटावं याला भस्म्या झालाय. माझा आत्ताचा फायटर तर जेवण होऊन पाच मिनिटं झाली की पुन्हा त्याच कोपऱ्यात येऊन उभा, तोंड वर, जणू सकाळपासून पोटात काही नाही. आधी मलाही दया यायची. आता मी त्याला सरळ सांगतो, नाटकं करू नकोस.

डबीवरचं ते "दोन मिनिटांत संपेल एवढं" वाक्य फायटरसाठी मला साफ चुकीचं वाटतं. दहा-वीस वेगवेगळे मासे असलेल्या मोठ्या टँकला ते चालेल, तिथे प्रत्येकाच्या वाट्याला किती येतंय ते मोजता येत नाही म्हणून वेळेचा हिशोब धरतात. एकटा फायटर दोन मिनिटांत वीस दाणे सहज आत टाकतो गं! संपले म्हणजे प्रमाण बरोबर होतं असं नाही, त्याला संपवता येतात एवढंच त्यावरून कळतं.

आणि ती चिमूट. चिमूट हे माप मिठाला ठीक आहे. मी एकदा माझी चिमूट पांढऱ्या कागदावर सोडून दाणे मोजले होते, २३ निघाले, आणि मी तर स्वतःला हात राखून देणारा समजत होतो. तूही आज हे करून बघ. मग त्यातले ४-५ दाणे एका बशीत टँकचं चमचाभर पाणी घेऊन त्यात टाक आणि दहा मिनिटांनी ये. सुका दाणा मोहरीसारखा टणक दिसत होता, तो आता पाणी पिऊन फुगलेला असेल, बोटाने दाबलास तर मऊ लागेल, आणि शेजारी एक सुका दाणा ठेवलास तर फरक लगेच दिसेल. काही ब्रँडचे कमी फुगतात, काहींचे चांगलेच. आता त्या पाचांच्या जागी वीस धर आणि बशीच्या जागी मोरूचं पोट धर. फायटरचं पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढं असतं असा एक ढोबळ हिशोब सांगतात. ताणलं की ते मोठं होतं हे खरं, पण रोजचं प्रमाण ठरवायला हा हिशोब चांगला आहे, निदान डोळा समोर दिसतो तरी.

तर आकडा. साधारण एक मिलिमीटरचा फायटरचा दाणा असेल तर एका वेळी २ ते ३ दाणे, दिवसातून दोन वेळा. म्हणजे दिवसाचे चार ते सहा, बस्स. नेटवर कोणी दोन म्हणतं कोणी दहा म्हणतं, त्यातले बरेचसे कदाचित खोटं बोलत नसतील, दाण्याचा आकारच वेगळा असतो. खसखशीएवढे बारीक असतील तर पाच-सहा चालतील, मोठे असतील तर एक पुरे. म्हणून मी आकडा पाठ करायला सांगत नाही, मासा बघायला सांगतो. सकाळी खायला द्यायच्या आधी त्याला बाजूने बघ, गळ्यापासून मागपर्यंत पोटाची रेघ सरळ-सपाट जात असली पाहिजे. खाल्ल्यावर किंचित गोलाई येते, ती यायलाच हवी. दुसऱ्या दिवशी सकाळीही गोलाई तशीच असेल तर एक दाणा कमी कर. उलट डोक्यामागे खळगा पडलेला दिसला, अंगापेक्षा डोकंच मोठं वाटायला लागलं, तर एक वाढव. एवढंच. पिल्लांचं गणित मात्र वेगळं, त्यांना थोडं थोडं करून दिवसातून तीन-चार वेळा लागतं, पण दुकानातून लांब शेपटीचा रंगीत नर आणलाय म्हटल्यावर तो बहुतेक मोठाच असणार.

दोन वेळांमध्ये ८-१० तासांचं अंतर ठेव. सकाळी टँकचा लाइट लावल्या लावल्या नको, त्याला जरा जागं होऊ दे, आणि रात्री लाइट बंद करायच्या तोंडावर तर अजिबात नको, राहिलेला दाणा अंधारात तसाच कुजतो. भाऊ रात्री देतो ना, तेच. एकदाच द्यायला जमत असेल तर एकदाच दे, तेही चालतं, फक्त दोन वेळचं एकदम टाकू नकोस.

देतानाही एकेक दाणा टाक. तो कसा खातो ते बघण्यासारखं असतं, दाणा पडला की आधी थबकतो, तिरकं होऊन निरखतो, मग टपकन उचलतो, दोनदा चावतो आणि कधी कधी थुंकतो, पुन्हा उचलतो. थुंकला म्हणजे आवडलं नाही असं लगेच समजू नकोस, दाणा टणक किंवा मोठा असला की तो असंच करतो. अशा वेळी दाणे टाकायच्या आधी थोडा वेळ बशीतल्या पाण्यात मऊ करून घे, फार वेळ नको, लगदा होतो. एक गिळला की दुसरा. पाच मिनिटांत जे पाण्यात राहील ते काढून टाक, त्यासाठी मी इंजेक्शनची बिनसुईची मोठी सिरिंज वापरतो. कारण न खाल्लेला दाणा कुजला की अमोनिया तयार होतो, माशाची शी-लघवी त्यात भर घालते, आणि १५ लिटर म्हणजे काही तळं नाही, लगेच पाणी बिघडतं. चांगला मुरलेला फिल्टर असेल तर त्यातले बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, पण त्यांनाही झेपेल एवढंच झेपतं. तुझं पाणी गढूळ झालंय ते त्यामुळेच असावं. टेस्ट किट मिळालं तर बघ, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत.

आठवड्यातून एक दिवस उपास? मी करवतो. सक्ती नाही, मोजून देणाऱ्याकडे त्याची गरजही पडत नाही फारशी, पण हात सैल असणाऱ्या घरात ती एक सोय आहे, पोट रिकामं व्हायला वेळ मिळतो. फक्त दुसऱ्या दिवशी "बिचारा काल उपाशी होता" म्हणून जास्त देऊ नका, एकादशी आणि दुप्पट खाशी असं होतं मग.

माझी चूक पण सांगतो. माझा पहिला फायटर लाल होता, आणि ज्याच्याकडून घेतला त्याने सांगितलं की रोज भरपूर ब्लडवर्म द्या, रंग खुलतो. मी दिले. सुकवलेले, डबीतून थेट, बोटांच्या चिमटीत येतील तेवढे. तोही मिटक्या मारत खायचा. तीन आठवड्यांनी एका सकाळी बघतो तर कुशीवर होऊन पृष्ठभागावर तरंगतोय, एक कल्ला पाण्यात आणि एक बाहेर, मला वाटलं गेला. गेला नव्हता, पण मला बघून त्या अवस्थेतही तोंड वर करून खायला मागत होता! त्या दिवशी मला अक्कल आली. तीन दिवस काही दिलं नाही, पाणी उथळ केलं म्हणजे श्वास घ्यायला त्याला वर यायचे कष्ट कमी, कारण फायटरला अधूनमधून वर येऊन हवा घ्यावीच लागते. चौथ्या दिवशी लांबलचक शी केली आणि सरळ झाला. शी बघून एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

म्हणजे ब्लडवर्म वाईट का? नाही, तो खाऊ आहे, रोजचं जेवण नाही. आठवड्यातून एक-दोनदा, दोन-तीन अळ्या, आणि त्या वेळचे दाणे रद्द. सुके असतील तर आधी भिजवून, गोठवलेले असतील तर छोटा तुकडा बशीत वितळवून. भावाला एक सांग, सुक्या ब्लडवर्मची भुकटी काही लोकांना सोसत नाही, शिंका, डोळे चोळणं, अंगाला खाज असलं होतं, तर नाक डबीत घालून वास घ्यायचा नाही आणि नंतर हात धुवायचे. डॅफ्निया, म्हणजे पाण्यातला एक बारीक कवचवाला जीव, मिळाला तर तो आण, त्याचं कवच पचत नाही म्हणून पोट साफ करायला तो बरा. आर्टेमिया, म्हणजे कोळंबीसारखा बारीक जीव, तोही चांगला. डासांच्या अळ्या तर त्याचं मूळ अन्न, पण त्यासाठी गटारातलं पाणी आणणार असशील तर नकोच, आणि घरात बादली भरून पाळणार असशील तर माशाआधी तुम्हीच आजारी पडाल. जिवंत ट्यूबिफेक्स, म्हणजे दोऱ्यासारखा बारीक लाल किडा, घाणीत वाढतो, त्याच्या वाटेला मी जात नाही. आपल्या ताटातलं तर काहीच नको.

वाटाण्याचं काय ते विचारलंयस. हा मांसाहारी मासा आहे, वाटाणा पचवायला त्याचं पोट बनलेलं नाही. गोल्डफिशला तो उपाय ठीक आहे, तिथूनच तो इकडे आला असावा. आधीच गच्च झालेल्या पोटात आणखी काही कोंबण्यापेक्षा पोट रिकामं राहू देणं शहाणपणाचं, आणि सुटलं की पहिलं जेवण डॅफ्नियाचं. दाण्यांची नवी डबी घेशील तेव्हा मागचा कागद वाच, पहिल्या दोन-तीन नावांत मासा, कोळंबी, किड्यांच्या अळ्या असं काही हवं, सुरुवातच गव्हाच्या पिठाने असेल तर ठेवून दे. आणि मोठी डबी स्वस्त पडते म्हणून घेऊ नकोस, दिवसाला पाच दाणे खाणाऱ्याला ती दोन वर्षं पुरेल आणि उघडल्यावर सहा महिन्यांत त्यातला कस जातो.

एक गोष्ट तू लिहिलीच नाहीस, पाण्याचं तापमान. माशाचं शरीर पाण्याएवढंच गरम असतं, पाणी गार झालं की पचनही मंदावतं, मग तेच तीन दाणे त्याला जड जातात. २५ ते २७ अंश ठेव. थर्मामीटर नसेल तर आधी तो घे, त्याखाली जात असेल तर हिटर. हिटर नाही आणि थंडी आहे असं असेल तर निदान खाणं कमी कर.

चार दिवस बाहेरगावी जाताय त्याची अजिबात काळजी करू नकोस. मोरू बरा झालेला असेल तर चार दिवस काहीही न देता आरामात राहील, धडधाकट मोठा फायटर आठवडाभरही काढतो. जायच्या आदल्या दिवशी पाणी बदल, नेहमीएवढंच खायला दे आणि दाराला कुलूप लाव. ते विरघळणारे सुट्टीचे ठोकळे मिळतात ते टाकू नकोस, पाणी बिघडवतात. शेजाऱ्यांना डबी देऊन जाणं त्याहून वाईट, ते प्रेमाने खिलवतील आणि तू परत येशील तेव्हा सूप झालेलं असेल. तोवर बरा नसेल तर मात्र कोणीतरी रोज येऊन नुसतं बघून जाईल एवढी सोय कर, बघून, खिलवून नाही.

राहता राहिलं तुमचं घर, तिघं प्रेमळ माणसं आणि एक पोट. माझ्याकडे हेच व्हायचं, मी द्यायचो, बायको द्यायची, आणि दोघंही म्हणायचो मी नाही दिलं. उपाय साधा निघाला. औषधाच्या गोळ्या ठेवायचा वारांचा डबा असतो ना, सोमवार ते रविवार, सकाळ-संध्याकाळचे कप्पे असलेला, तो आणला. रविवारी बसून प्रत्येक कप्प्यात दाणे मोजून भरायचे आणि मूळ डबी कपाटात आत. कप्पा रिकामा दिसला म्हणजे त्याचं जेवण झालंय, तो कितीही नाचला तरी. सकाळचा कप्पा तुझा, संध्याकाळचा बाबांचा, म्हणजे त्यांचा हिरमोड नको. बाबांना तेवढ्याने पुरणार नाही, मग मोरू बरा झाल्यावर त्यांच्या हातात छोटा आरसा दे, दोन-तीन मिनिटं काचेबाहेरून दाखवायचा, पठ्ठ्या कल्ले फुलवून शेपूट पसरून असा काही ऐटीत येतो की बाबा खाऊ विसरतील. जास्त वेळ नको, दमतो तो. भावाला बुधवार दे, ब्लडवर्मचा वार, भिजवायचं कामही त्याचंच, आणि त्या दिवशी संध्याकाळचा कप्पा तू भरतानाच रिकामा ठेव.

परवा सकाळी पोट उतरलेलं दिसलं तर थोडा डॅफ्निया दे, तो मिळाला नसेल तर एकच दाणा टाक, भिजवलेला. त्या दिवशी शी झाली की दुसऱ्या दिवशी दोन. आणि आज रात्री झोपायच्या आधी ती ब्लडवर्मची डबी भावाला दिसणार नाही अशा जागी ठेव.